सरपंचाच्या घरचं दुकान आणि पंचायतीचं बिल

एका नव्या सरपंचताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. ताई थेट जनतेतून निवडून आल्या. नवऱ्याचा जेसीबी आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. दिराचं हार्डवेअरचं दुकान आहे, गावात तेवढं एकच. सिमेंट, पाइप, मोटारीचं सामान सगळं पंचायतीला वर्षानुवर्षं तिथूनच जातं. नणंदेचा मुलगा पंचायतीत पाणी सोडायच्या कामावर आहे, तोही जुना. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, "ताई, ठरावाच्या वेळी तुम्ही सभेतून उठून जा, इतिवृत्तात तसं लिहू, विषय संपला. फारच वाटलं तर दुसऱ्याच्या बिलबुकावर घेऊ." विरोधी पॅनेलच्या सदस्याने मात्र "कलम १४ लावतो", म्हणजे अपात्र ठरवायला लावतो, असं चारचौघांत सांगितलंय. यातलं काय चालतं आणि काय नाही, असं ताईंचं विचारणं आहे.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, पंचायत विभागाचा. अपात्रतेचे अर्ज आले की चौकशीला जायचं आणि अहवाल द्यायचा, हे काम बरंच केलं. आता सरपंचांच्या प्रशिक्षणात शिकवतो. म्हणून पुढचं सगळं चौकशी करणाऱ्याच्या नजरेतून लिहितोय.

ताई, आधी उत्तर देतो. नवऱ्याचा जेसीबी आणि ट्रॅक्टर पंचायतीच्या कामावरून आजच उतरवा. दिराचं दुकान कायद्यात बसू शकतं किंवा अडकू शकतं, ते तुमची चूल आणि हिशेब एक आहेत की वेगळे यावर ठरेल. माझं मत विचाराल तर तुमची मुदत संपेपर्यंत तिथली पंचायतीची खरेदीही बंद ठेवा. सभेतून उठून जाण्याने काहीच वाचत नाही. आणि दुसऱ्याचं बिलबुक हा तुम्हाला मिळालेला सगळ्यात वाईट सल्ला आहे. भाच्याची नोकरी राहू द्या, त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता कायदा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम १४(१)(ग). साध्या मराठी शब्दांत त्याचा अर्थ असा: पंचायतीच्या हुकमाने झालेल्या कामात, पंचायतीशी झालेल्या कुठल्याही करारात किंवा पंचायतीकडच्या नोकरीत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. सरपंचालाही हेच लागू. यात 'भ्रष्टाचार केला', 'जादा दर लावला' किंवा 'पंचायतीचं नुकसान झालं' असं काहीही सिद्ध करावं लागत नाही. बाजारभावापेक्षा स्वस्त मुरूम टाकून दिला तरी हितसंबंध तो हितसंबंधच. चौकशीत सरपंचांचं ठरलेलं उत्तर असतं, "साहेब, तालुक्यापेक्षा पाच रुपये कमीच लावलेत." खरंही असतं ते. पण विचारलेला प्रश्न तो नसतो.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. निविदा काढली, तीन दर मागवले, सगळ्यात कमी दर नवऱ्याचाच निघाला, तरी करार झालाच ना? निविदेने दर शुद्ध होतो, नातं पुसलं जात नाही. सभेतून उठून जाण्याचंही तसंच. ही कल्पना लोकांच्या डोक्यात दुसरीकडून आली आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८४ मध्ये संचालकाने आपला हितसंबंध उघड करायचा आणि त्या विषयाच्या चर्चेत भाग घ्यायचा नाही, अशी व्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने नगरसेवकाला निवडून आल्यावर २८ दिवसांत आपले आर्थिक हितसंबंध नोंदवावे लागतात, त्यात जोडीदाराचेही येतात, आणि तसा विषय आला की मतदानापासून दूर राहावं लागतं. तिथे उघड करून बाजूला झालं की बहुतेक वेळा भागतं. आपल्या कलम १४ ची रचनाच निराळी आहे. इथे हितसंबंध असणं हीच अपात्रता. सभेला तुम्ही अध्यक्षस्थानी होता, गैरहजर होता की व्हरांड्यात चहा पीत होता, याला फारसा अर्थ नाही. उलट इतिवृत्तात "मा. सरपंच यांचा संबंध असल्याने त्या सभेतून बाहेर गेल्या" असं लिहिलं, की संबंध असल्याची कबुली तुमच्याच सहीने तयार होते. अर्जदाराचा वकील तेवढं एक पान जोडतो.

आता नात्याचा प्रश्न, कारण तुमचं घोडं तिथे अडलंय. कलम १४(१)(ग) मध्ये 'पती', 'पत्नी', 'भाऊ' असे शब्द नाहीत. याचा फायदा घेणारे म्हणतात, धंदा नवऱ्याचा, सरपंच बायको, संबंध काय? या म्हणण्याला थोडा आधार आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात बेकायदा बांधकामाच्या अपात्रतेत, कलम ४४(१)(ई) मध्ये, स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली व्यक्ती असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे जिथे विधिमंडळाला जोडीदार घालायचा होता तिथे घातला. शिवाय मलकापूर नगरपालिकेच्या निवडणुकीतलं एक जुनं प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये निकाल दिला. उमेदवाराचा मुलगा नगरपालिकेच्या नोकरीत होता, म्हणून बापाचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. कायदा जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडचा होता, पण शब्दरचना आपल्या कलमासारखीच. न्यायालयाने सांगितलं की नुसत्या नात्यावरून हितसंबंध गृहीत धरता येत नाही, काही आर्थिक किंवा ठोस स्वरूपाचा संबंध दाखवावा लागतो. आजही सरपंचाच्या बाजूचा वकील हा निकाल खिशात घेऊनच येतो.

मग मी जेसीबी उतरवा असं का म्हणतो? कारण नात्यावरून गृहीत धरता येत नाही म्हणजे सिद्ध करता येत नाही असं नव्हे. आणि नवरा-बायकोच्या बाबतीत सिद्ध करायला फार लांब जावं लागत नाही. जेसीबी बहुधा कर्जावर घेतलेला असतो. त्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार कोण? बहुतेक वेळा बायको. म्हणजे पंचायतीच्या पैशातून जो हप्ता भरला गेला, त्याने तुमचीच देणेदारी कमी झाली. तुमच्या उमेदवारी अर्जासोबतच्या घोषणापत्रात जोडीदाराच्या मालमत्तेचा रकाना असतो, तिथे हाच जेसीबी तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेला असणार. आणि शेवटची गोष्ट. वित्त आयोगाच्या निधीतलं बिल आता ऑनलाइन निघतं. ग्रामपंचायत अधिकारी ते तयार करतात आणि सरपंचाच्या डिजिटल सहीने मंजूर होतं. बायकोच्या सहीने नवऱ्याच्या खात्यात पैसे गेल्याची नोंद तारीख-वेळेसह संगणकावर कायमची बसते. पूर्वी धनादेशाची स्थळप्रत हरवायची, रोकडवहीचं पान ओलं व्हायचं. आता तसली सोय राहिली नाही.

दिराच्या दुकानाचं थोडं अवघड आहे. दीर खरोखर वेगळे राहत असतील, दुकानाची जागा त्यांच्या मालकीची किंवा स्वतंत्र भाड्याची असेल, जीएसटी नोंदणी आणि बँक खातं त्यांचं एकट्याचं असेल आणि तुमच्या किंवा नवऱ्याच्या पैशाचा त्यात काही भाग नसेल, तर मलकापूरच्या निकालाचा आधार तुम्हाला मिळू शकतो. पण बहुतेक घरांत असं स्वच्छ नसतं. दुकान वडिलोपार्जित घराच्या ओट्यावर असतं, नमुना ८ मध्ये, म्हणजे पंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, ते घर सासऱ्यांच्या नावावर असतं, आणि सणासुदीला दोन्ही भाऊ गल्ल्यावर बसतात. निवडणुकीनंतर घाईघाईने रेशनकार्ड वेगळं करून आणणारे पुष्कळ पाहिले. वेगळ्या रेशनकार्डाने चूल वेगळी झाल्याचं कागदावर दिसतं, पैसा वेगळा झाल्याचं दिसत नाही. चौकशी करणारा रेशनकार्डावर एक नजर टाकतो आणि मग बँकेच्या नोंदीच मागतो.

आता बिलबुकाबद्दल. हा प्रकार गावोगाव इतका रुळलाय की लोकांना तो गुन्हा वाटेनासा झालाय. माल सरपंचाच्या घरचा, बिल कुठल्यातरी दुसऱ्या नावाच्या ट्रेडर्सचं, आणि बिल देणाऱ्याला दोन टक्के. एका चौकशीतली गोष्ट सांगतो, गाव आणि नावं सोडून. पाणीपुरवठ्याच्या पाइपची खरेदी होती. तीन दरपत्रकं फाइलला लावलेली, तिन्ही तीन वेगळ्या गावांतल्या दुकानांची, लेटरहेड वेगवेगळी, शिक्के वेगवेगळे. पण तिन्हींवर 'पीव्हीसी पाईप व फिटींग' हे शब्द एकाच वळणाने लिहिलेले, आणि तिन्हीकडे 'पुरवठा' हा शब्द 'पुरवटा' असा चुकलेला. तारीखही एकच. ज्याचा दर मंजूर झाला त्या दुकानदाराला बोलावलं. तरुण पोरगा आला. विचारलं, "पाइपचा एक नग किती फुटांचा येतो?" पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर सरपंचाचे यजमान मोटारसायकलला टेकून उभे होते. पोरगा त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता, हे नंतर पाच मिनिटांत कळलं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीदाराचं कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख कुणालाही दिसते. त्या 'ट्रेडर्स'ची नोंदणी सरपंच निवडून आल्यानंतरची होती.

ताई, हे सांगण्याचं कारण असं. नवऱ्याच्या नावाने उघड बिल घेतलं असतं तर प्रश्न अपात्रतेचा होता. खोटी दरपत्रकं आणि दुसऱ्याचं बिल म्हटलं की तो बनावट कागदपत्रांचा आणि फसवणुकीचा फौजदारी विषय होतो, आणि त्यात तुम्ही, ग्रामपंचायत अधिकारी आणि तो ड्रायव्हर पोरगा असे सगळे येता. बरं, सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं? त्याची विभागीय चौकशी होईल, कदाचित बदली होईल. पद जातं ते तुमचं. सल्ल्याची किंमत ठरवताना ती कुणाच्या खिशातून वसूल होते ते बघावं.

विरोधकांच्या अर्जाचं पुढे काय होतं, तेही समजून घ्या. कलम १६ खाली अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज कुणीही करू शकतं, तो मतदार असलाच पाहिजे असं नाही, आणि जिल्हाधिकारी स्वतःहूनही विषय घेऊ शकतात. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि निर्णय होईपर्यंत तुम्ही पदावर राहता. ६० दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते तुम्हाला लवकरच कळेल. निकाल विरोधात गेला तर वरचं अपील विभागीय आयुक्तांकडे, मुदत फक्त १५ दिवसांची, आणि नंतर उच्च न्यायालय. ही मुदत चुकवणारे सरपंच मी पाहिलेत, कारण निकालाची प्रत तालुक्यावर पडून असते आणि वकील म्हणतो बघू पुढच्या आठवड्यात. याशिवाय कलम ३९ आहे, कर्तव्यात गैरवर्तन म्हणून पदावरून काढण्याचं. त्याची चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत होते. दोन्ही रस्ते वेगळे आहेत आणि एकाच बिलावरून दोन्ही चालू शकतात.

काही गोष्टी कायद्यानेच सोडून दिल्यात, त्याही सांगतो म्हणजे उगाच घाबरायला नको. सहकारी संस्थेचे किंवा कंपनीचे तुम्ही नुसत्या भागधारक असाल आणि त्या संस्थेचा पंचायतीशी व्यवहार असेल, तर तेवढ्यावरून अपात्रता येत नाही. गावच्या विकास सोसायटीत शेअर नाही असं घर कुठलं असतं? ज्या वर्तमानपत्रात पंचायतीची जाहिरात येते त्यात हिस्सा असणं, हेही सोडलेलं आहे. पण संस्थेच्या नावाखाली घरचंच दुकान चालत असेल तर ही सवलत कामाला येणार नाही.

मग गावात एकच दुकान आहे तर करायचं काय? इथे ताईंची अडचण खरी आहे आणि पुस्तकी उत्तराने ती सुटत नाही. मे महिन्यात मोटार जळली, टाकी रिकामी, बायका हंडे घेऊन पंचायतीसमोर, आणि हवा तो स्टार्टर दिराच्या दुकानात पडलेला. अशा वेळी कुणी तालुक्याला जा म्हणेल तर लोक त्याला वेड्यात काढतील. यावर उपाय मे महिन्यात नसतो, जानेवारीत असतो. मोटारीचा स्टार्टर, कपॅसिटर, केबल, व्हॉल्व्हचे वॉशर, दोन-चार जोड आणि सोल्युशन एवढं सामान तालुक्याच्या दुकानातून रीतसर घेऊन साठा नोंदवहीला चढवून ठेवा. वर्षाचं बजेट करताना त्याची तरतूद दाखवा. तालुक्यातल्या दोन दुकानांचे वार्षिक दर एकदाच मागवून मासिक सभेत मंजूर करून ठेवले की प्रत्येक नळजोडासाठी नव्याने दरपत्रकं गोळा करावी लागत नाहीत, आणि फोन केला की दुकानदार एसटीच्या पार्सलने सामान पाठवतो. वाहतुकीचे चार पैसे जादा जातात. ते जाऊ द्या आणि लेखापरीक्षकाने विचारलं तर का गेले ते ठरावात लिहिलेलं असू द्या.

जेसीबीच्या बाबतीत शेजारच्या गावचा भाड्याने घ्या. नवरा नाराज होईल. त्यांना सांगा की खासगी शेततळी, विहिरी, घरांचे पाये, गावात काम कमी नाही. आणि हेही सांगा की पंचायतीच्या कार्यालयात तुमच्या खुर्चीशेजारी त्यांची खुर्ची मांडू नये. हे थोडं विषयाबाहेरचं वाटेल, पण नाही. महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, आणि 'सरपंचपती' हा शब्द अजून गेलेला नाही. चौकशीत गावकऱ्यांचे जबाब घेताना "कामाचं कोण सांगतं?" असं विचारलं आणि चार जणांनी यजमानांचं नाव घेतलं, की धंदा त्यांचा आणि पंचायत त्यांची, असं चित्र अहवालात आपोआप उमटतं. मग तुम्ही कितीही म्हणा की मला नवऱ्याच्या व्यवहारातलं काही माहीत नव्हतं.

स्वतःच्या नावे पैसे काढून मजुरांना वाटण्याची एक जुनी पद्धत होती. हेतू चांगला असायचा, मजुरांची खाती नसायची. आज तसं अजिबात करू नका. प्रत्येक पैसा थेट ज्याचा त्याच्या खात्यात.

घरकुल, गोठा, विहीर असे वैयक्तिक लाभ करारात मोडत नाहीत, म्हणून कलम १४(१)(ग) तिथे सहसा लागत नाही. पण यादीत तुमच्या सासरच्यांचं नाव असेल तर ग्रामसभेत पूर्ण यादी, प्राधान्यक्रम आणि निकष मोठ्याने वाचायला लावा. नाव नियमात बसत असेल तर लाजून काढूही नका. सरपंचाचे नातेवाईक म्हणून गरीब माणसाचा हक्क जात नाही. लोकांचा राग लाभ मिळाल्याचा कमी आणि यादी कुणी पाहिलीच नाही याचा जास्त असतो.

याच कलमातल्या आणखी दोन पोटकलमांनी सरपंच अडकतात, तीही घरात तपासून घ्या. एक थकबाकी: घरपट्टी-पाणीपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता. दुसरं अतिक्रमण, ज-३. राहतं घर किंवा त्याचा ओटा सरकारी वा गावठाणाच्या सार्वजनिक जागेवर असेल तर "ते सासऱ्यांनी बांधलं, मी नाही" हा बचाव २०१८ नंतर चालत नाही. जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की मूळ अतिक्रमण करणाराच नव्हे, तर त्या अतिक्रमणाचा उपभोग घेत राहणाराही त्यात येतो. त्याआधीचा उलटा निकाल या निकालाने मोडीत निघाला. आणि बघा, रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याची नोटीस कलम ५३ खाली द्यायची ती पंचायतीनेच. स्वतःचा ओटा पुढे असताना शेजाऱ्याला नोटीस काय देणार?

भाच्याचं. तो तुमच्या आधीपासून कामावर आहे, वेगळ्या घरात राहतो, त्याच्या पगारातलं तुमच्याकडे काही येत नाही. मलकापूरचं तत्त्व इथे सरळ लागू होतं. काळजी एवढीच की त्याचा पगार वाढवणं, कायम करणं, रजा, शिस्तभंग यातला कुठलाही निर्णय तुमच्या एकटीच्या तोंडी हुकमाने होऊ नये. मासिक सभेचा ठराव आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची टिप्पणी हवी. त्याला काढून टाका असा हट्ट विरोधक धरतील. नात्यापायी नोकरी देणं जसं चूक तसंच नात्यापायी काढणंही.

राहिलं दिराचं जुनं बिल, निवडणुकीच्या आधी पुरवलेल्या पाइपांचं, अजून न निघालेलं. आमदार-खासदारांसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९अ मध्ये स्पष्टीकरण आहे की माल पुरवून झाला असेल आणि फक्त सरकारकडून पैसे येणं बाकी असेल, तर करार चालू आहे असं धरायचं नाही. कलम १४ ला तसं स्पष्टीकरण जोडलेलं नाही, म्हणून वाद घालायला जागा राहते. दिराचे पैसे बुडू नयेत हे बरोबर. ते काढताना मोजमाप पुस्तिका, माल मिळाल्याची पावती आणि जुन्या पंचायतीचा खरेदीचा ठराव, तिन्ही निवडणुकीआधीच्या तारखांचे आहेत हे बघा. गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन मार्गदर्शन मागा आणि उत्तर आल्यावरच बिल काढा. पत्राची पोच, आवक क्रमांकासह, पंचायतीच्या फाइलला एक आणि घरच्या कपाटात एक ठेवा.